काळे कुंकू

कालिंदीबाई शिखरे जेव्हा स्मृतिविज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत आल्या तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता, आणि दारावरच्या सुरक्षायंत्राला हे काही केल्या पटेना. पुण्यात तेव्हा रंग फार स्वस्त झाले होते. इमारतींना वर्णभिंती होत्या, त्या तासातासाला रंग बदलत. जो तो रंगवर्धक चष्मा लावून हिंडे. आंबा आंब्यापेक्षा पिवळा दिसे, आणि आकाश तर इतके निळे की कुणाला त्याच्याकडे बघावेसेच वाटू नये. असल्या शहरात चौऱ्याहत्तर वर्षांची एक बाई उघड्या डोळ्यांनी चालत आली, म्हणून यंत्राने तिला तीनदा विचारले, आपण चष्मा विसरलात का?

‘विसरायचा रोग झालाय म्हणून तर आलेय,’ कालिंदीबाई म्हणाल्या आणि आत शिरल्या.

डॉ. यासीन मणेर त्यांना घ्यायला धावतच आले. केंद्राच्या व्हरांड्यात कालिंदीबाईंनी काढलेले एक छायाचित्र टांगलेले होते आणि मणेर रोज त्याच्यासमोर थबकत. कृष्णेतून बाहेर येणारी एक म्हैस, बस्स. रंगाचा ठिपका नाही. पण तिच्या ओल्या पाठीवर जो काळा होता, तसा काळा मणेरांनी कुठल्याही वर्णभिंतीवर पाहिला नव्हता. एका काळ्यात किती काळे असू शकतात! पाण्याचा वेगळा, कातडीचा वेगळा, शिंगाचा वेगळा, आणि त्या सगळ्यांवरून सकाळचा उजेड तेलासारखा ओघळलेला. दहा वर्षे संशोधन करून मणेरांना दृष्टीबद्दल जे कळले नव्हते, ते त्या म्हशीने कळवले असे ते मित्रांना सांगत. मित्र हसत. ती बाई आता रुग्ण म्हणून समोर उभी होती, याचे त्यांना मनापासून वाईट वाटले.

रोग सरळ होता. येत्या दोन-तीन वर्षांत कालिंदीबाईंच्या आठवणी एकेक करून वाळून जाणार होत्या. त्यावर केंद्राकडे एकच उपाय होता, स्मृतिसिंचन. मेंदूतल्या निवडक आठवणींना सूक्ष्म विद्युतप्रवाहाचे पाणी द्यायचे म्हणजे त्या खोल रुजतात. ज्यांना पाणी मिळाले त्या जगतात, बाकीच्या जातात. मात्र एक अट होती.

‘आठवण खरी पाहिजे,’ मणेर म्हणाले. ‘म्हणजे तुम्ही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली. वाईचे एक निवृत्त मास्तर होते. लहानपणी विहिरीवर बिबट्या आला होता, ही आठवण राहू द्या म्हणाले. आम्ही पाणी दिलं. नंतर कळलं, तो बिबट्या त्यांच्या भावानं रचून सांगितलेला. खोट्या आठवणीला बळ मिळालं की ती तणासारखी पसरते, शेजारच्या खऱ्या आठवणी खाते. आज त्या मास्तरांना विहीर आठवते, बिबट्या आठवतो. भाऊ आठवत नाही.’

कालिंदीबाई म्हणाल्या, ‘आणि खरी का खोटी हे कोण ठरवणार? तुम्ही?’

‘यंत्र. आम्ही त्याला वर्णकसोटी म्हणतो.’ ही कसोटी मणेरांनीच शोधलेली, त्यामुळे त्यांचा आवाज थोडा चढला. ‘सोपं आहे, ताई. मेंदू रंग साठवत नाही, शेजारशेजारच्या रंगांमधला फरक साठवतो. टोमॅटोशेजारी कोथिंबीर आहे म्हणून टोमॅटो लाल. आमचं यंत्र तो फरक तेवढा वाचतं. डोळ्यांनी पाहिलेली आठवण असेल तर हा फरक उजेडाप्रमाणे जागोजागी कमीजास्त होतो. मनानं रचलेली असेल तर रंग सपाट, पोरांनी चित्र रंगवावं तसा. आणि जुना फोटो बघून बनलेली असेल, तर...’

‘तर काळी-पांढरी.’

‘बरोबर. तुमच्या लहानपणी घरातले फोटो काळे-पांढरे, म्हणून तुमच्या पिढीवर ही कसोटी चालते. माझ्यावर चालायची नाही. माझे बारशापासूनचे सगळे फोटो रंगीत.’

‘म्हंजे आमच्या गरिबीचा फायदाच झाला म्हणायचा,’ त्या हसल्या. मग त्यांनी पिशवीतून कापडात गुंडाळलेली एक तसबीर काढली. ‘मग हा बघून ठेवा. आमच्या घरातला हा एकच. बाबांचा कराडात स्टुडिओ, सगळ्या गावाचे फोटो काढायचे, आणि स्वतःचा हा एवढाच. दिव्याखाली अंधार.’

चित्रात खुर्चीवर तिशीचा एक माणूस बसला होता, बारीक कातरलेल्या मिशांचा. मांडीवर डोळे विस्फारलेली पोर. मागे डोक्यावरून पदर घेतलेली बाई. माणसाची उजवी मूठ बंद होती आणि मुठीतून एक नळी सतरंजीखाली गेली होती. मुठीतला रबरी फुगा दाबून त्याने स्वतःच स्वतःचा फोटो काढला होता. तेवढ्या कष्टाने आलेला थोडा मिस्कील अभिमान त्याच्या चेहऱ्यावर होता.

‘आणि हे कुंकू? इतकं काळं?’ मणेरांनी बाईच्या कपाळावरच्या गोल, कोळशासारख्या ठिपक्यावर बोट ठेवले.

‘बाबा जुनी फिल्म वापरायचे. ती लालाला आंधळी. लाल रंग तिला दिसतच नाही, आणि जे दिसत नाही ते फोटोत काळं येतं.’

‘अच्छा!’ मणेर एकदम म्हणाले. ‘मिरजेला आमच्या आजीच्या निकाहाच्या फोटोत ओढणी काळीकुट्ट आहे. लहानपणी मी भांडायचो तिच्याशी, लग्नात काळी का घेतलीस म्हणून.’

‘लालभडक असणार ती. आजीला शब्द लागला की तुमचा फुकट.’ कालिंदीबाईंनी तसबिरीवरची धूळ पदराने पुसली. ‘लोक म्हणतात काळ्या-पांढऱ्यात काहीतरी कमी असतं. मला कधी वाटलं नाही. रंग सांगतो ही वस्तू कुठली. हा पेरू, हा पोपट, संपलं, माणूस पुढं जातो. रंग काढून घ्या, मग बघणाऱ्याला थांबावं लागतं. उजेड कुठून आला, कुठं टेकला, कुठं अडला, ते बघावं लागतं. मी जन्मभर वस्तूंचे फोटो काढलेच नाहीत हो. उजेडाचे काढले.’

मणेरांनी मान हलवली. ती म्हैस त्यांना आता अधिक कळली.

‘आणि तो उजेड माझा नाही,’ त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. ‘मी चार वर्षांची असताना बाबा काविळीनं गेले. मला त्यांचं एकच आठवतं. ते आणि आई खाली वाकून काहीतरी बघतायत, भोवती अंधार, आणि दोघांच्या तोंडावर उजेड. एवढंच. कुठं, कधी, काही माहीत नाही. आई म्हणायची, तुला गं कुठलं आठवतंय, फोटो बघून बोलतीयास. पण त्या उजेडापायी मी कॅमेरा हातात घेतला. प्रत्येक फोटोत तोच शोधला. बाकी सगळं गेलं तर जाऊ द्या. बक्षिसं विसरले तर बरंच होईल. ही एक ठेवाल?’

‘खरी असेल तर ठेवणार, ताई.’

‘आणि नसेल?’

मणेरांनी तसबीर पुन्हा कापडात गुंडाळून त्यांच्या हाती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्मृतिदर्शकाने ती आठवण उचलली. हे यंत्र प्राथमिक तपासणीत आठवणीतला एकच क्षण, सुरुवातीचा, पडद्यावर आणते. दोन चेहरे उमटले आणि मणेर हातातला चहा प्यायचे विसरले.

काळोखातून एक गाल, एक भुवई, नाकाची धार वर आली होती. पुरुषाच्या मिशांखाली हसू होते की नव्हते हे उजेडाने सांगितले नव्हते, नुसते सुचवले होते. त्याच्या खांद्याशी बाईचा चेहरा, पदराच्या काठाने अर्धा कातरलेला. दोघेही खाली पाहत होते. चित्राच्या खालच्या कडेला एक पांढरी, किंचित तिरकी पट्टी होती.

‘मॅडम, हे कुठल्याही प्रदर्शनात पहिलं येईल,’ मणेर म्हणाले.

‘येईल. पण आपल्याकडे नापास आहे,’ डॉ. मृदुला हसबनीस म्हणाल्या.

हसबनीसबाई केंद्राच्या संचालक. पन्नाशी उलटलेली, आवाज हळू आणि निर्णय पक्के. जगभराच्या परिषदांना त्या कपाळावर रुपयाएवढे लालभडक कुंकू लावून जात. तरुण संशोधक पाठीमागे त्याला ‘तांबडा सिग्नल’ म्हणत, कारण त्या कुंकवाखालून एकदा नकार आला की गाडी पुढे जात नसे.

‘वर्णरेषा बघ,’ त्या म्हणाल्या. पडद्याखालची रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत सपाट होती. ‘रंगाचा फरक शून्य. थोडासुद्धा नाही. आणि खाली ही पांढरी पट्टी. जुन्या फोटोंना पांढरी कड असायची, ती आहे. फोटोवरून बनलेली आठवण.’

‘पण त्या फोटोत ते समोर बघतायत. इथे खाली.’

‘मन फोटोतल्या माणसांच्या माना वळवतं, यासीन. तुझ्याच शोधनिबंधात आहे. आणि हिचं कपाळ बघ.’

मणेरांनी पाहिले. बाईचे कपाळ स्वच्छ, गुळगुळीत, उजळ होते. कुंकू नव्हते.

‘नवरा शेजारी जिवंत उभा आणि हिच्या कपाळाला कुंकू नाही? त्या काळात, कराडात?’ हसबनीसबाईंनी मान हलवली. ‘ही नंतरची आई आहे, विधवा झालेली. मुलीनं मोठेपणी पाहिलेली. मुलीच्या मनानं फोटोतला बाप उचलला आणि या आईशेजारी आणून उभा केला. दोन तुकड्यांची गोधडी. याला पाणी देता येणार नाही. दिलं, तर ती खऱ्या आईलाही खाईल.’

तर्कात फट नव्हती. मणेरांनी दोन दिवस शोधली. कसोटी त्यांची स्वतःची होती, आणि आपल्याच हाताने पाजळलेल्या सुरीने आपल्या आवडत्या माणसाचा गळा कापावा लागावा, तसे त्यांना झाले.

केंद्राचा एक रिवाज होता. होकार फोनवर कळवत, नकार मात्र रुग्णाच्या घरी जाऊन, समोर बसून सांगायचा. हसबनीसबाईंनीच तो पाडला होता आणि त्या स्वतः जात. म्हणून त्या शनिवारी सकाळी दोघे कराडला निघाले. वाटेत मणेर खिडकीबाहेर पाहत राहिले.

कालिंदीबाई वडिलांच्या जुन्या स्टुडिओतच राहत. तो मंडईमागच्या बोळात होता. कालिंदीबाईंनी दार उघडले, दोघांचे चेहरे पाहिले, आणि काय ते ओळखले असावे. पण त्या म्हणाल्या, ‘आत या. डार्करूममध्ये काम चाललंय, कागद अर्ध्यावर सोडता येत नाही. काय बोलायचं ते तिथंच बोला. अंधारात ऐकायला सोपं जातं.’

खोली लहान होती. भिंतीला लागून दगडी ओटा, त्यावर पाण्याच्या आणि रसायनांच्या तीन ताटल्या, खाली एक बुटके लाकडी स्टूल. कालिंदीबाईंनी दार लावून पडदा ओढला आणि लाल काचेचा एक दिवा लावला. मणेर जन्मात पहिल्यांदाच अशा खोलीत आले होते. आधी सगळे लालेलाल दिसले. मग डोळे सरावले, आणि गंमत म्हणजे तो लाल हळूहळू नाहीसाच झाला. उरला नुसता उजेड आणि अंधार.

‘लाल जातो थोड्या वेळानं,’ कालिंदीबाई म्हणाल्या. ‘माझा तर कधीच गेलाय. मला इथं लाल दिसतच नाही.’

त्यांनी फोटो मोठा करणाऱ्या एनलार्जरखाली कागदावर उजेड पाडला, आणि तो कोरा पांढरा कागद पहिल्या ताटलीत सोडून ताटली हळूहळू हलवू लागल्या.

‘आता बघा. काळं आधी येतं. नेहमी.’

कागदावर काहीच नव्हते. मग कुठून तरी एक करडी छटा आली. गुऱ्हाळाच्या भट्टीचे, चुलवाणाचे तोंड काळे झाले, मग त्यावरच्या मोठ्या कढईची, काहिलीची कड, मग काहिलीवर वाकलेल्या माणसाचे दंड. कोणी काढत नव्हते, कोणी पुसत नव्हते. चित्र जणू आधीच तिथे होते आणि आता पाण्यातून वर येत होते. मग त्या माणसाच्या भोवती वाफ उठली, मोठी, पांढरी, गरम वाटणारी वाफ. प्रयोगशाळेत मणेरांनी मेंदूतून चित्रे निघताना रोज पाहिली होती, पण हे त्यांना त्याहून मोठे वाटले. हसबनीसबाईसुद्धा, ज्या कशालाच चटकन ‘वा’ म्हणत नसत, ‘वा’ म्हणाल्या.

‘ती वाफ मी केलेली नाही,’ कालिंदीबाई म्हणाल्या. ‘तो नुसता कागद आहे. तिथं काहीच झालं नाही, म्हणून वाफ आली.’ त्यांनी चिमट्याने कागदाचे टोक थोडे उचलले. ‘बोला आता. नाही म्हणायला आलाय ना?’

हसबनीसबाईंनीच सुरुवात केली. ‘कालिंदीताई, तुमची आठवण आम्ही फार काळजीपूर्वक तपासली. रंग नाही, आणि खाली फोटोच्या कडेसारखी एक पांढरी, तिरकी पट्टी...’

कालिंदीबाईंच्या चेहऱ्याकडे बघवेना म्हणून मणेरांनी नजर मॅडमकडे वळवली. आणि ते दचकले. काहीतरी चुकत होते. रोज पाहिलेला तो चेहरा ओळखीचा होता आणि नव्हता.

‘मॅडम,’ ते कसेबसे म्हणाले, ‘माफ करा, पण तुमचं कुंकू... पुसलं गेलंय.’

असे वाक्य सवाष्ण बाईला, तेही आपल्या संचालकांना बोलून दाखवणे म्हणजे काय हे त्यांना बोलल्यावर कळले. हसबनीसबाईंचा हात झटकन कपाळाला गेला. त्यांनी बोट पुढे धरले. बोटावरही काही नव्हते.

‘आत्ता गाडीत आरशात पाहिलं मी,’ त्या म्हणाल्या.

कालिंदीबाई खळखळून हसल्या. ‘आहे हो, आहे! घाबरू नका. लाल दिव्यात कुंकू दिसत नाही. सगळा उजेडच लाल म्हटल्यावर कुंकू काय आणि कपाळ काय, दोन्ही सारखंच उजळ. बाहेर चला, रुपयाएवढं...’

त्या थांबल्या.

चिमटा त्यांच्या हातातच राहिला. ताटलीत गुऱ्हाळाची वाफ करडी झाली, मग काळवंडली. जिने आयुष्यात एक कागद वाया घालवला नव्हता, तिने तो कागद कोळसा होऊ दिला.

‘माझ्या आईचं कपाळ कसं होतं, यासीन?’ त्यांनी विचारले. ‘तुमच्या पडद्यावर?’

‘स्वच्छ,’ मणेर म्हणाले. आता त्यांच्या डोक्यात सगळे एकदम धावू लागले होते. ‘मॅडम, माझं यंत्र रंगांमधला फरक वाचतं. या खोलीत फरकच नाही! एकाच रंगाचा उजेड. इथे बसून पाहिलेली कुठलीही आठवण माझं यंत्र काळी-पांढरी म्हणूनच वाचणार. ताई, या उजेडात फोटो काढता येईल?’

‘कशानं? बाबांच्या फिल्मला हा उजेड दिसतच नव्हता. कागदालाही दिसत नाही. म्हणून तर हा दिवा चालतो.’

‘म्हणजे हा असा एकच उजेड आहे, ज्यात फोटो तयार होतो पण फोटो काढता येत नाही. ती आठवण फोटोतून येणं शक्यच नाही. तसा फोटो नाहीच!’

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, त्यातली गत. जिच्या कपाळावर पुरावा होता, तीच बाई दोन दिवस कुंकू नाही म्हणून नकार देत होती. पण हसबनीसबाई इतक्या लवकर हरणाऱ्या नव्हत्या, आणि त्यांनी हरू नये यातच कालिंदीबाईंचे हित होते.

‘थांब,’ त्या म्हणाल्या. ‘ताई, वडील गेल्यावर स्टुडिओ कोणी चालवला?’

‘आईनं. बाबांच्या हाताखाली शिकली होती. मी दहाबारा वर्षांची झाल्यावर मला आत घेऊ लागली.’

‘म्हणजे विधवा आई तुम्ही या उजेडात वर्षानुवर्षं पाहिलीत. मनानं त्या आईशेजारी वडील आणून ठेवले असतील, तरी चित्र असंच दिसेल. वडील असताना तुम्ही कधी या खोलीत आला होता?’

कालिंदीबाईंचा चेहरा उतरला. ‘नाही,’ त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. ‘बाबांचा नियम होता. पोरांनी डार्करूममध्ये यायचं नाही, औषधं असतात. आई शेवटपर्यंत सांगायची, तुझ्या बापानं तुला उंबरा ओलांडू दिला नाही म्हणून. त्यामुळं तर मला ही खोली कधी सुचलीच नाही.’

नळाचे पाणी ताटलीत पडत होते. कालिंदीबाईंनी तो काळा झालेला कागद टाकून द्यायला उचलला, आणि तो हातात तिरका धरलेला असतानाच त्यांची नजर त्याच्या कडेवर गेली.

‘डॉक्टर,’ त्या म्हणाल्या, ‘ती पांढरी पट्टी खालीच होती ना? तिरकी?’

‘फोटोची कड,’ हसबनीसबाई म्हणाल्या.

‘कोरा कागद असला तर?’

त्या दुपारीच तिघे पुण्याला परत आले. वर्णभिंती त्या तासाला जांभळ्या होत्या. कुणाचे तिकडे लक्ष गेले नाही. कालिंदीबाई स्मृतिदर्शकाच्या खुर्चीत आडव्या झाल्या. समोरचा पडदा त्यांनाही दिसेल असा मणेरांनी वळवला. या वेळी त्यांनी एकच क्षण न उचलता तो पुढे उलगडायला घेतला. इतकी जुनी आठवण फार तर काही श्वास टिकते. तेवढी पुरायला हवी होती.

दोन चेहरे आले. खालची पांढरी पट्टी आली. मणेरांनी पट्टीकडची बाजू स्पष्ट केली, तशी ती हळूहळू मोठी होत गेली. ती कड नव्हती. चिमट्याच्या टोकाला लटकलेला, पाणी गळणारा, पूर्ण कोरा कागद होता तो. पुरुषाचा हात तो कागद खाली, अगदी जवळ आणत होता, बुटक्या स्टुलावर बसलेल्या कुणाला तरी नीट दिसावा म्हणून.

मग त्या कोऱ्या कागदावर एक ठिपका आला.

गोल, बारीक, काळा. कागदावर दुसरे काहीच नव्हते, ना चेहरा ना खुर्ची, फक्त तो ठिपका. त्यानंतर दोन डोळे आले, मग केस, मग बारीक कातरलेल्या मिशा, मांडीवरच्या पोरीची विस्फारलेली नजर. चित्र उलटे होते, स्टुलाच्या बाजूने पाहणाऱ्याला दिसावे तसे. पण ओळखू न येण्याजोगे नव्हते. तीच तसबीर जन्माला येत होती.

‘काळं आधी येतं,’ मणेर पुटपुटले.

हसबनीसबाई पडद्याच्या अगदी जवळ गेल्या. कागदावरच्या बाईच्या कपाळावर कोळशासारखे कुंकू होते. कागदावर वाकलेल्या त्याच बाईचे कपाळ लख्ख, रिकामे होते. त्या बराच वेळ एका कपाळाकडून दुसऱ्याकडे बघत राहिल्या.

‘कल्पना इतकी प्रामाणिक नसते, यासीन,’ शेवटी त्या म्हणाल्या. ‘मनानं रचलं असतं तर दोन्ही कपाळं सारखी केली असती. एकाच बाईला एकाच क्षणी कुंकू आहे आणि नाही, हे फक्त डोळ्यांनाच दिसू शकतं. आणि फक्त त्या खोलीत.’ त्यांनी नकळत स्वतःच्या कपाळाला हात लावला. ‘मुलीची आठवण फोटोतून आली म्हणत होतो आपण. फोटोच हिच्या आठवणीत तयार होतोय. पाणी सोड.’

मणेरांनी सिंचन सुरू केले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते त्यांनी लपवले नाही.

‘म्हणजे नियम मोडला होता बाबांनी,’ खुर्चीतून कालिंदीबाई म्हणाल्या. ‘स्वतःचा फोटो येताना बघू दे म्हणून पोरीला एकदा आत घेतलं. आणि आई जन्मभर सांगत राहिली, घेतलं नाही म्हणून. कशाला लपवलं असेल गं बाई?’

‘लहानपणी तुम्ही आत शिरू नये म्हणून असेल,’ मणेर म्हणाले. ‘मग तेच तोंडात बसलं असेल.’

कालिंदीबाई पडद्याकडे टक लावून होत्या. फोटोग्राफरची नजर ती, एका जागी ठरेना. कडेपासून कडेपर्यंत चित्र तपासत होती.

‘यासीन, थोडं डावीकडं घे. आईचे डोळे.’

मणेरांनी डावीकडे घेतले. आजवर सगळे म्हणत आले होते की दोघेही खाली बघतायत. बाप कागदाकडे बघत होता, हातचे काम बघावे तसे, कौतुकाने. आईची नजर कागदावर नव्हतीच. ती कागदाच्या थोडी अलीकडे, सरळ बघणाऱ्याकडे होती. बुटक्या स्टुलावर बसलेल्या, पहिल्यांदाच चित्र उमटताना बघणाऱ्या पोरीच्या तोंडाकडे.

‘मी सत्तर वर्षं बाबांची आठवण म्हणून जपली ही,’ कालिंदीबाई म्हणाल्या. ‘आणि बघ, ती बघतीय माझ्याकडं.’

त्यांनी डोळे मिटले नाहीत. प्रवाह संपेपर्यंत त्या पडद्याकडे बघत राहिल्या, आणि मणेरांनीही तो लवकर बंद केला नाही.